पदक आणि त्याचा कागद यांची ताटातूट नको

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पदकांच्या संग्रहाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. इराणच्या कजार शाहांचे ‘शेर-ओ-खुर्शीद’ आणि तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांचे ‘मेजिदिये’ ही दोन निशाणे, म्हणजे दरबारी मानाची पदके, छायाचित्रात शेजारी शेजारी मांडलेली पाहून मनापासून आनंद झाला, कारण मराठी वृत्तपत्रात या विषयाला जागा मिळणे दुर्मीळ आहे. लेखात मीनाकामाचे वर्णन होते, फितींचे रंग होते आणि लिलावातल्या किमतीही होत्या. मात्र ही निशाणे ज्या फर्मानासह किंवा बेरातीसह, म्हणजे मान दिल्याच्या दरबारी लेखासह, दिली जात, त्या कागदांविषयी एक ओळही नव्हती. गेली सव्वीस वर्षे मी ही पदके त्यांच्या कागदांसह जमवत आहे आणि या काळात जे नुकसान माझ्या डोळ्यांदेखत झाले, ते बहुतेक पदक आणि कागद यांची ताटातूट झाल्यामुळेच झाले. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इंग्रज सरकारच्या मोहिमांची पदके आपल्याकडच्या अनेक घरांत आहेत. त्यांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, त्यामुळे पेटीत एकटे सापडलेले पदकही आपण कोणाचे ते सांगते. इराणी आणि उस्मानी निशाणांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यावर मानकऱ्याचे नाव नसते. सुलतान अब्दुलमजीद याने १८५१ मध्ये सुरू केलेल्या मेजिदिये निशाणाच्या मध्यभागी त्याचा तुघ्रा, म्हणजे सुलतानाची नक्षीदार स्वाक्षरी, असतो, भोवतालच्या तांबड्या मीन्याच्या कड्यावर निष्ठा, उद्यम आणि स्वाभिमान या अर्थाचे शब्द असतात आणि १२६८ हे हिजरी वर्ष असते. पुढचे सुलतान आले आणि गेले, तरी हा तुघ्रा आणि हे वर्ष बदलले नाही. म्हणजे क्रिमियाच्या युद्धात १८५५ च्या सुमारास दिलेले निशाण आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी दिलेले निशाण यांवर एकच सन दिसतो. उस्मानिये निशाण १८६२ चे, पण त्याच्या मागच्या बाजूला नगारा आणि झेंडे यांच्यासोबत ६९९ हा आकडा आहे. तो उस्मानी राज्याच्या स्थापनेचा हिजरी सन आहे. एका विक्रेत्याने मला हेच पदक ‘सातशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून दाखवले होते आणि तो खोटे बोलत नव्हता, कोरलेला आकडा त्याने सरळ वाचला होता. मानकरी कोण, त्याला मान कधी मिळाला आणि कशाबद्दल मिळाला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे फक्त कागदात असतात.

उस्मानी दरबारातून निशाणासोबत जो कागद येई, त्याला ‘बेरात’ म्हणत. मराठी दप्तरे चाळणाऱ्यांना हा शब्द परका वाटणार नाही, कारण पेशवाईतल्या हिशेबांत अमक्यावर इतक्या रुपयांची ‘वरात’ दिली असे जे आपण वाचतो, ती वरात मुळात याच अरबी-फारसी शब्दाची लेक आहे. माझ्याकडे असलेली एक बेरात १८८२ च्या मिसरच्या (इजिप्तच्या) मोहिमेत गेलेल्या एका गोऱ्या लष्करी डॉक्टराची आहे. घोटलेला जाड कागद, हातभराहून अधिक लांब. वरच्या भागात दुसऱ्या अब्दुलहमीदचा सोनेरी तुघ्रा, तीन उभे दांडे आणि डावीकडे झेपावणारी दोन मोठी अंडाकृती वळणे, उजव्या खांद्याशी ‘अल-गाझी’ ही उपाधी. खाली दिवाणी, म्हणजे दरबारी कागदांच्या, लिपीतल्या ओळी, प्रत्येक ओळ डावीकडे पोहोचता पोहोचता नावेच्या नाळीसारखी वर उचललेली, शब्द एकमेकांवर रचलेले, म्हणजे मागाहून कोणी मधे एखादा शब्द घुसवू म्हणेल तर त्याला जागाच सापडू नये. दिव्याखाली कागद थोडा तिरका धरला की शाईवर भुरभुरलेली सोन्याची पूड आजही चमकते. तळाशी सफर महिना आणि सन १३००, म्हणजे डिसेंबर १८८२ चा सुमार.

या कागदात डॉक्टराचे नाव अरबी अक्षरांत, स्वरांच्या खुणांशिवाय लिहिले आहे. पाच व्यंजनांच्या त्या सांगाड्यातून निदान तीन इंग्रजी आडनावे तयार होऊ शकत होती. अखेर उलगडा झाला तो दुसऱ्याच एका कागदामुळे. परदेशी राजाचे निशाण स्वीकारून अंगावर मिरवायचे तर इंग्रज अधिकाऱ्याला राणीची परवानगी लागे आणि तिची नोंद ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापून येई. निशाणाचा दर्जा, मोहीम आणि ती पाच व्यंजने गॅझेटमधल्या एकाच नावाशी जुळली. त्या दिवशी रात्री साडेअकराला मी पत्नीला उठवून ते नाव वाचून दाखवले. नाव येथे देत नाही, कारण त्यांचे वंशज हयात आहेत आणि त्यांची संमती मी घेतलेली नाही.

दर्जाची पडताळणी हा या छंदातला सर्वांत कामाचा भाग आहे. मेजिदियेचे पाच दर्जे होते. पाचवा आणि चौथा छातीवर लावत, चौथ्याच्या फितीवर फितीचेच गोल फूल असे, तिसरा गळ्यात घालत आणि वरच्या दर्जांना मोठा तारा असे. बेरातीत चौथा दर्जा लिहिलेला असेल आणि सोबत गळ्यात घालण्याचे पदक मिळत असेल, तर ती जोडी कोणीतरी नंतर जुळवलेली आहे हे नक्की समजावे. येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. निशाणाचा दर्जा कागदात ‘बेशिंजी’ (पाचवा), ‘दोर्दुंजू’ (चौथा) अशा तुर्की शब्दांनी येतो, तर मानकरी उस्मानी मुलकी अधिकारी असेल तर त्याचा हुद्दा ऊला, सानिये, सालिसे, राबिया, हामिसे (पहिला ते पाचवा) अशा अरबी क्रमवाचकांनी येतो आणि वाचणारा एकाला दुसरे समजून बसतो. मराठी दप्तरांतल्या शुहूर सनातले आकड्यांचे अरबी शब्द इसन्ने, सलास, अर्बा, खमस ज्यांना पाठ आहेत, त्या मराठी अभ्यासकाला हे शब्द ओळखायला एक संध्याकाळ पुरेल.

तारखांचेही असेच आहे. शक, संवत, फसली, शुहूर आणि राज्याभिषेक शक यांत वावरलेल्या आपल्या संशोधकांना एकाच कागदावर दोन कालगणना पाहून दचकायला होत नाही. उस्मानी कागदांत हिजरी सनासोबत ‘रूमी’ नावाचा सौर सन चालत असे. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१५ मध्ये सुरू झालेल्या ‘हर्ब मदालयासी’ (युद्धपदक) या तांबड्या पंचकोनी ताऱ्यावर १३३३ हा सन आहे आणि तो हिजरी, म्हणजे १९१४-१५ चा. पण त्या ताऱ्याच्या छापील दाखल्यावर १३३३ लिहिलेले असेल तर तो बहुधा रूमी, म्हणजे १९१७. आकडा तोच, वर्षांत मात्र दोनचा फरक, आणि त्या दोन वर्षांत गॅलिपोलीची लढाई संपून बगदाद पडलेले असते.

इराणी निशाणाकडे वळतो, कारण त्याचा आपल्या प्रदेशाशी थेट संबंध आहे. शेर-ओ-खुर्शीद, म्हणजे सिंह आणि त्याच्या पाठीवरून उगवणारा सूर्य, हे निशाण फतह अली शाहाच्या कारकिर्दीत, १८०८ च्या सुमारास, परदेशी वकिलांचा सन्मान करण्यासाठी सुरू झाले. १८१० मध्ये ते ज्यांना मिळाले त्यांत जॉन माल्कम होता. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारणारा, १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला आणि महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला ज्याचे नाव मिळाले तो हाच माल्कम. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. तो पाहायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा माणूस इराणच्या शाहाचाही मानकरी होता?

पुढे हे निशाण इराणी प्रजेलाही मिळू लागले. साधारणपणे परदेशी मानकऱ्याच्या पदकावरचा सिंह बसलेला असतो आणि इराणी मानकऱ्याच्या पदकावरचा उभा, पंजात तलवार घेतलेला. कजार काळातल्या काही लष्करी पदकांवर फारसी शेर कोरलेला आहे. तो मी देवनागरीत उतरवतो: ‘हर शेरदिल कि दुश्मन-ए-शह रा इनान गिरिफ्त, अज आफताब-ए-हिम्मत-ए-मा ईं निशान गिरिफ्त.’ ज्या सिंहहृदयी वीराने शाहाच्या शत्रूचा लगाम धरला, त्याला आमच्या औदार्याच्या सूर्याकडून हे निशाण मिळाले. एकट्या ‘इनान’ म्हणजे लगाम या शब्दापाशी मराठी वाचक क्षणभर अडेल. बाकी दुश्मन, हिंमत आणि निशाण तर आपण रोज बोलतो. सिंहाचे हृदय आणि सूर्याचे औदार्य, दोन्ही चिन्हे शेराच्या दोन चरणांत अशी बसवली आहेत की पदकाची आकृती आणि तिचा अर्थ एकमेकांना चिकटून राहावेत. तरीही हा शेर कोणाच्या छातीवर होता, ते पदक सांगत नाही.

ते सांगणारे फर्मान शाहाच्या शिक्क्याने सुरू होते, शिकस्ता वळणाच्या अक्षरात लिहिलेले असते आणि त्यात दर्जा तसेच खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्याचा रंगही नमूद केलेला असू शकतो. तारखेत हिजरी सनासोबत बारा प्राण्यांच्या चक्रातले वर्ष येते, जसे आपल्याकडे शकासोबत संवत्सराचे नाव येते. समजा फर्मानावर शाबान १३०७ आणि ‘बार्स ईल’, म्हणजे वाघाचे वर्ष, असे लिहिले आहे. हे बरोबर जुळते, कारण ते वर्ष मार्च १८९० च्या नवरोजला सुरू झाले. पण त्याच १३०७ चा मुहर्रम लिहून पुढे वाघाचे वर्ष दिले असेल तर कागदाकडे संशयाने पाहावे, कारण मुहर्रमात अजून बैलाचे वर्ष, ‘ऊद ईल’, चालू होते. नकली फर्मान करणारा बहुधा येथेच फसतो.

फर्मानाची पाठ हा त्याचा अर्धा जीव आहे. कागद निरनिराळ्या दप्तरांतून फिरून आला, तेथे त्याची नोंद झाली, याचे शेरे आणि कारकुनांचे लहान लहान शिक्के मागच्या बाजूला असतात. पेशवे दप्तरातल्या सनदेवरचे ‘बार’ आणि ‘रुजू’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शेऱ्यांचे मोल वेगळे सांगायला नको. माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती होणार नाही. मला मिळालेले पहिले फर्मान मी मोठ्या हौसेने फ्रेम करायला दिले आणि पाठीविषयी काहीच बजावले नाही. कारागिराने ते सपाट राहावे म्हणून हार्डबोर्डावर पांढऱ्या गोंदाने पक्के चिकटवले. मागच्या बाजूला चार शिक्के होते एवढे मला आठवते, पण त्यांवरची नावे मी उतरवून घेतलेली नव्हती. पुढे एका जाणकार संवर्धकाला कागद दाखवला, तेव्हा गोंद सोडवताना शाई उठून येईल असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते फर्मान आजही त्याच बोर्डावर आहे.

आता आपल्या घरांकडे येतो, कारण या वस्तू फक्त परदेशी लिलावांत असतात असा समज आपल्या लेखावरून होण्याचा संभव आहे. १८८२ च्या मिसर मोहिमेत मुंबई लष्कराची २९ वी देशी पलटण होती आणि १८८५ मध्ये सुदानमधल्या सुआकिनजवळच्या तोफ्रेकच्या लढाईत २८ वी. त्या मोहिमांतल्या सैनिकांना मिसरचा शासक खदिव तौफीक याचा ब्राँझचा तारा मिळाला, ज्यावर स्फिंक्स आणि तीन पिरॅमिड आहेत; १८८२ च्या ताऱ्यावर अरबीत १२९९ हा सन आहे. तो तारा नावाविना दिला जाई, पण त्याच्या जोडीच्या इंग्रजी रुपेरी पदकाच्या कडेवर नाव असे, म्हणजे तेथे पदकानेच पदकाची साक्ष दिली. १९१५-१६ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतला गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर उस्मानी कैदेत पडल्या. इतर मराठा पलटणी पुढेही मेसोपोटेमियात लढत राहिल्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने मला त्यांच्या देव्हाऱ्यातला ‘आजोबांचा तारा’ दाखवला होता. तांबडा मीना दोन टोकांवर उडालेला, चंद्रकोरीत कुंकू साठलेले, मागची पिन तुटलेली. दरवर्षी दसऱ्याला सोन्यासोबत त्याची पूजा होई. तो उस्मानी युद्धतारा होता, म्हणजे आजोबा ज्यांच्याविरुद्ध लढले त्या सैन्याचा. मी लगेच काही बोललो नाही आणि आजोबांचे काही कागद आहेत का असे विचारले. आजीबाईंनी पत्र्याच्या ट्रंकेतून फडक्यात बांधलेला पलटणीतून सेवामुक्त झाल्याचा दाखला काढून दिला. त्यात पलटण, मेसोपोटेमियातली सेवा आणि सेवामुक्तीची तारीख स्वच्छ होती. एवढे दोन्ही समोर आल्यावर तारा घरात कसा आला असावा याचा तर्क करता आला: रणांगणावरून किंवा कैद्याकडून आणलेली ती खूण असावी. मी जे सांगितले ते ऐकून त्यांच्या मुलाचा चेहरा उतरला, पण आजीबाई म्हणाल्या, ‘अहो, म्हणजे ते तिथं होते, हे खरंच ना?’ ते खरे होते आणि दाखल्यावर तसे लिहिलेले होते.

बाजाराची रीत मात्र नेमकी याच्या उलट चालते. धातूच्या पदकाला मागणी असते, न वाचता येणाऱ्या कागदाला सजावटीचे गिऱ्हाईक वेगळे असते आणि दोन्ही वेगवेगळे विकले तर बेरीज जास्त येते. सात वर्षांपूर्वी एका लिलावात माझ्यादेखत एका उस्मानिये निशाणाची आणि त्याच्या बेरातीची अशीच दोन स्वतंत्र क्रमांकांत विभागणी झाली. दोन्ही एकाच घरातून आल्याचे विक्रेत्याने तोंडी मान्य केले होते. पदक मला परवडले नाही. बेरात मी घेतली आणि पदक कोठे गेले ते मला ठाऊक नाही. त्या पदकाच्या नव्या मालकाकडे आज एक सुंदर, निनावी तारा आहे आणि माझ्याकडे एका माणसाची संपूर्ण हकीकत आहे जिला तारा नाही. उद्या कोणी त्याच ताऱ्याला दुसरी कोणती तरी बेरात जोडून विकेल, आणि तसे झाले तर एकाची सेवा दुसऱ्याच्या नावावर जमा होईल.

कागदांची हेळसांड होते याचे मूळ लिपीत आहे. तुर्कस्तानात १९२८ मध्ये लिपी बदलली, तेव्हापासून तेथल्या सामान्य घरांत पणजोबांची बेरात कोणाला वाचता येत नाही. यात तुर्कांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. गेल्या शतकाच्या मध्यास आपल्या शाळांतून मोडी गेली आणि आज आपल्याच वाड्यांत मोडी कागदांची बोचकी न वाचलेली पडली आहेत. मात्र मोडीसाठी आपल्याकडे वर्ग चालतात, हौशी माणसे शिकतात, दप्तरे लावली जातात. फारसी कागद वाचणारे पुण्या-मुंबईत अजून आहेत, मुंबईत कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी फारसी हस्तलिखिते सांभाळली जातात. मोडीच्या वर्गांना जोडून फारसी दप्तरी हस्ताक्षराचा आणि उस्मानी दिवाणी लिपीचा छोटासा अभ्यासक्रम कोणी सुरू केला, तर मी माझ्याकडचे सर्व कागद त्यासाठी उपलब्ध करून देईन.

कायद्याची बाजूही वाचकांना ठाऊक असावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, पण हस्तलिखिते आणि दस्तऐवज यांना पंचाहत्तर वर्षेच पुरतात, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुर्कस्तानातही १९८३ पासून असाच कडक कायदा आहे. म्हणून पदक आणि कागद कोठून आले, कोणाकडून घेतले आणि केव्हा घेतले याची पावती तिसरा कागद म्हणून सोबत ठेवावी.

आपल्या वृत्तपत्राने एवढे करावे अशी विनंती आहे: पुढच्या वेळी अशा पदकाचे छायाचित्र छापताना त्याच्या कागदाचेही छापावे, आणि कागद नसेल तर तो नाही असे ओळीत लिहावे. संग्रहालयांनी पदकाच्या नोंदीत सोबतच्या कागदाचा क्रमांक द्यावा. एक वस्तू एका दालनात आणि दुसरी ग्रंथालयात अशी स्थिती मी पाहिली आहे. आणि ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल त्यांनी कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करू नये, जुन्या घड्या मोडून नव्या पाडू नयेत, आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र आजच काढून ठेवावे. ते आपल्या कार्यालयामार्फत माझ्याकडे पाठवल्यास मी मजकूर वाचून, मराठीत उतरवून, विनामूल्य परत पाठवीन. पाठीचे छायाचित्र मात्र न विसरता जोडावे.

आपला नम्र,
एक संग्राहक वाचक,
पुणे